डोझियरची मुलं : फ्लोरिडातल्या सुधारशाळेबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अमेरिकेच्या फ्लोरिडा राज्यात मुलग्यांची एक सरकारी सुधारशाळा १११ वर्षं चालली. तिच्या आवारात खोदकाम झालं तेव्हा ५५ कबरी निघाल्या आणि तिचं नाव जगभर पोचलं. या विषयावर बोलणं निघालं की लोक जे प्रश्न विचारतात, ते इथे घेतले आहेत. काहींची उत्तरं लांब आहेत, कारण ती थोडक्यात देणं त्या मुलांवर अन्याय करणारं झालं असतं.

ही शाळा नेमकी कुठली?

फ्लोरिडाच्या उत्तर टोकाला, राजधानी टॅलाहासीपासून पश्चिमेला साधारण शंभर किलोमीटरवर मारियाना नावाचं छोटं गाव आहे. जॅक्सन काउंटीचं ते मुख्य ठिकाण. १ जानेवारी १९०० रोजी तिथे 'फ्लोरिडा स्टेट रिफॉर्म स्कूल' सुरू झालं. पुढे नाव अनेकदा बदललं. आधी 'इंडस्ट्रियल स्कूल' झालं, मग 'फ्लोरिडा स्कूल फॉर बॉइज' आणि १९६७ पासून 'आर्थर जी. डोझियर स्कूल फॉर बॉइज'. शेवटचं नाव लोकांच्या तोंडी राहिलं. जून २०११ मध्ये राज्य सरकारने शाळा बंद केली.

आवार अवाढव्य होतं, चौदाशे एकरांचं. शेतं, पाइनचं जंगल, गोठे, वसतिगृहं, शाळेच्या इमारती. भोवती उंच भिंत नव्हती. बाहेरून बघणाऱ्याला एखादं चांगलं बोर्डिंग वाटावं अशीच ती जागा होती, आणि तिथे उतरलेल्या अनेक मुलांना पहिल्या दिवशी तसंच वाटलं होतं.

म्हणजे आपल्याकडचं रिमांड होमच ना? मुलांनी गुन्हे केले म्हणूनच पाठवलं असेल?

कागदावर साधारण तसंच. पण आत कोण होतं ते बघा. काही मुलांनी खरोखरच चोऱ्या केल्या होत्या, गाड्या पळवल्या होत्या. बाकीची मात्र शाळा बुडवली म्हणून, घरातून पळाली म्हणून, 'ऐकत नाहीत' म्हणून आली होती. 'सुधारण्यापलीकडचा' असा शेरा न्यायाधीशाने मारला की तो पोलिसी गुन्ह्यासारखाच लागू व्हायचा. काहींचा तर तोही दोष नव्हता. आईबाप नव्हते, सांभाळणारं कुणी नव्हतं, म्हणून त्यांना इथे आणून टाकलं. सुरुवातीच्या वर्षांत अगदी पाच-सहा वर्षांची पोरंही आत होती.

एक उदाहरण देतो. १९३४ साली थॉमस व्हार्नाडो हा १३ वर्षांचा मुलगा आपल्या भावाबरोबर इथे आला. आरोप काय, तर शेजारच्या बाईच्या आवारात शिरून टाइपरायटर चोरल्याचा. महिना-सव्वा महिन्यात थॉमस मेला. न्यूमोनिया झाला, असं सांगण्यात आलं. भाऊ घरी परतला, पण त्या दिवसांबद्दल पुढे आयुष्यभर फारसं बोलला नाही. हे कुटुंब गोरं होतं, हे लक्षात असू द्या. पुढच्या एका प्रश्नात त्याचा संबंध येणार आहे.

मुदतीचं तर विचारूच नका. किती दिवस राहायचं हे बहुतेकदा कोर्ट ठरवत नसे. शाळेत श्रेणी होत्या, वागणूक बघून वर चढवत आणि एका चुकीसरशी खाली आणत. सुटका कधी हे कर्मचाऱ्यांच्या मर्जीवर. दहा-बारा वर्षांच्या मुलाला आपण घरी कधी जाणार हेच माहीत नसायचं.

काळी आणि गोरी मुलं वेगळी ठेवत, म्हणजे नक्की कशी?

एकाच आवारात दोन शाळा होत्या. दक्षिणेकडचा भाग गोऱ्या मुलांचा, उत्तरेकडचा काळ्या मुलांचा. वसतिगृहं वेगळी, जेवणघरं वेगळी, वर्ग वेगळे, प्रार्थना वेगळी. एकाच वेळी एकाच संस्थेत दोन-दोन वर्षं काढलेली मुलं एकमेकांना ओळखतही नव्हती.

फरक नुसता जागेचा नव्हता. गोऱ्यांकडे वर्गात बसण्याचा आणि काही हुन्नर शिकण्याचा वेळ जास्त होता. काळ्या मुलांच्या वाट्याला मुख्यतः शेत आलं. नांगरणं, ऊस तोडणं, भाजी काढणं, जंगलात लाकूड पाडणं. उत्तर बाजूला राहून आलेले म्हातारे सांगतात की आम्ही शिकायला नाही, राबायला गेलो होतो. आपण पिकवलेलं चांगलं अन्न दुसऱ्या बाजूला जायचं आणि आपल्या ताटात उरलंसुरलं यायचं, हीही त्यांची सांगण्यातली नेहमीची गोष्ट.

अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने शाळांमधली वर्णाधारित विभागणी १९५४ साली घटनाबाह्य ठरवली. १९६४ साली नागरी हक्कांचा कायदा झाला. मारियानातली विभागणी मोडायला १९६८ उजाडलं. न्यायालयाच्या निकालानंतर ही सरकारी शाळा चौदा वर्षं जुन्याच रीतीने चालत होती.

हे एवढं सहज कसं चालू शकलं?

यासाठी थोडं मागे जावं लागेल. यादवी युद्धानंतर गुलामगिरी गेली, पण घटनादुरुस्तीत एक पळवाट राहिली. गुन्ह्याची शिक्षा म्हणून सक्तीची मजुरी चालेल, असं तिच्यात म्हटलं होतं. दक्षिणेतल्या राज्यांनी ती पळवाट पुरेपूर वापरली. उगाच भटकतो म्हणून, काम नाही म्हणून, गोऱ्याशी उद्धटपणे बोलला म्हणून काळ्या माणसांना पकडायचं, शिक्षा द्यायची आणि टर्पेन्टाइन काढणाऱ्यांना, लाकूडवाल्यांना भाड्याने द्यायचं. फ्लोरिडात हा धंदा अनेक दशकं जोरात होता. सुधारशाळा जन्मली ती याच हवेत. पहिल्या काही वर्षांत तिथली मुलंही बाहेर कामाला दिली जात.

१९२२ साली मार्टिन टॅबर्ट नावाच्या तरुणाला फ्लोरिडातल्या एका लाकूडतोडीच्या छावणीत चामडी पट्ट्याने इतकं मारलं की तो मेला. तो दूरच्या नॉर्थ डकोटातला होता, गोरा होता. देशभर ओरड झाली. १९२३ साली फ्लोरिडाने कैदी भाड्याने देणं बंद केलं आणि कैद्यांना फटके मारण्यावर बंदी घातली. त्याआधी त्याच छावण्यांत मेलेल्या काळ्या माणसांसाठी असा गदारोळ कधी झाला नव्हता.

आणि त्यातही, मोठ्या कैद्यांच्या पाठीवरून उतरलेला तो पट्टा मारियानातल्या मुलांच्या पाठीवर पुढची ४५ वर्षं तसाच राहिला. मला या सगळ्या प्रकरणातली सर्वांत असह्य गोष्ट हीच वाटते. खुनी माणसाला जे करायचं नाही असं राज्याने ठरवलं, ते तेरा वर्षांच्या पोराला करायला कुणाची हरकत नव्हती.

गावाची पार्श्वभूमीही ध्यानात घ्या. ऑक्टोबर १९३४ मध्ये क्लॉड नील या काळ्या तरुणाला शेजारच्या अलाबामातल्या तुरुंगातून जमावाने पळवून आणलं, हालहाल करून मारलं आणि त्याचं प्रेत मारियानाच्या कोर्टासमोर झाडाला टांगलं. दुसऱ्या दिवशी गावात काळ्या लोकांवर हल्ले झाले, शेवटी सैनिक बोलवावे लागले. ज्या गावात कोर्टाच्या दारात हे होऊ शकतं, तिथल्या सुधारशाळेत उत्तर बाजूच्या मुलाने दाद मागायची तरी कुणाकडे?

'व्हाइट हाउस' म्हणजे काय?

राष्ट्राध्यक्षांच्या निवासाशी संबंध नाही. आवारातली सिमेंटच्या ठोकळ्यांची, पांढऱ्या रंगाची एक बसकी इमारत होती, १९२९ साली बांधलेली. तिच्यात फटके देत. मुलांनीच तिला हे नाव दिलं होतं.

तिथून वाचून आलेल्यांच्या जबान्या आहेत, काही शपथेवर दिलेल्या. वर्षं वेगळी, माणसं वेगळी, बाजू वेगळी, पण सांगणं जवळजवळ सारखं. मुलाला बोलावणं यायचं, पुष्कळदा रात्री. बाहेर रांगेत उभं राहायचं आणि आतला आवाज ऐकायचा. आत एक मोठा कारखान्यातला पंखा होता. फटके सुरू करण्याआधी तो चालू करत, म्हणजे किंचाळणं बाहेर जाऊ नये. खोलीत लोखंडी खाट, तिच्यावर मळकी, रक्ताचे डाग पडलेली गादी. पालथं झोपायचं, खाटेचा गज घट्ट धरायचा, उशीत तोंड खुपसायचं. हात सुटला किंवा अंग हललं, तर मोजणी पहिल्यापासून.

पट्टा चामड्याचा, लांब, जाड, मुठीला लाकूड. मारणारा गोल फिरून मारायचा, तेव्हा पट्टा आधी छताला किंवा भिंतीला घासायचा. त्या आवाजावरून मुलाला कळायचं की आता येणार. वीस, तीस, पन्नास. शंभरच्या वर फटके खाल्लेलेही आहेत. नंतर चड्डीचे धागे कातडीत रुतून बसलेले असत आणि ते चिमट्याने उपसावे लागत.

इथेही बाजू वेगळ्या होत्या. गोऱ्यांना मारायची खोली एका अंगाला, काळ्यांची दुसऱ्या अंगाला.

कारणं? सिगारेट ओढली, शिवी दिली, पळून जायचा विचार बोलून दाखवला, किंवा दुसरं कुणी पळणार होतं हे माहीत असून सांगितलं नाही. १९६८ साली राज्याने अशा संस्थांमधले फटके बंद केले, तोवर हे चाललं.

गोऱ्या मुलांनाही मारलंच की. मग याला वर्णद्वेष का म्हणायचं?

हा प्रश्न हमखास येतो आणि तो रास्त आहे. गोऱ्या मुलांचे हाल खरे होते, त्यात शंका घ्यायला जागा नाही. पण पट्टा दोघांनाही बसला म्हणजे दोघांची गत एक झाली असं होत नाही.

पहिलं म्हणजे मृत्यू. नोंदींनुसार मेलेल्यांत काळी मुलं गोऱ्यांच्या जवळजवळ तिप्पट आहेत. दुसरं, कामाची विभागणी. तिसरं, आत येण्याचा रस्ता. ज्या खोडीसाठी गोऱ्या मुलाला मास्तर दटावून सोडायचे, तीच काळ्या मुलाला थेट न्यायाधीशासमोर नेत असे. वकील नाही, आईबापांच्या शब्दाला कोर्टात किंमत नाही.

चौथी गोष्ट कमी बोलली जाते. २००८ च्या सुमाराला ज्या माजी विद्यार्थ्यांनी एकत्र येऊन आवाज उठवला, 'व्हाइट हाउस बॉइज' म्हणून ज्यांची नावं छापून आली, ते मुख्यतः गोरे पुरुष होते. त्यांचं धाडस मोठंच. साठी उलटलेल्या माणसांनी कॅमेऱ्यासमोर आपल्या अंगावरचे वळ उघडे केले. पण काळ्या मुलांना आपलं सांगण्यासाठी पुढे वेगळा गट काढावा लागला. उत्तर बाजूची माणसं मग एकेक करून बोलू लागली. तोवर त्यातले किती तरी जण गेलेले होते. ज्यांना जास्त सोसावं लागलं त्यांचं ऐकायला जगाने जास्त वेळ लावला, आणि यालाच मी वर्णद्वेष म्हणतो.

आणि दफनभूमी. 'बूट हिल' नावाची ती टेकडी उत्तर बाजूला, काळ्या मुलांच्या हद्दीत आहे. गोरी मुलं मेली की त्यांनाही तिथेच नेऊन पुरत.

एकूण किती मुलं मेली?

साउथ फ्लोरिडा विद्यापीठाच्या पथकाने जुने कागद चाळून २०१२ साली जी मोजणी मांडली, तिच्यात १९१४ ते १९७३ या काळातले ९८ मृत्यू आहेत. त्यातले दोघे कर्मचारी, बाकी ९६ मुलगे, वय ६ ते १८. कारणं म्हणून आग, फ्लूची साथ, न्यूमोनिया, क्षय, बुडणं, मारामारी अशा नोंदी आहेत. पुष्कळांपुढे काहीच लिहिलेलं नाही. काही मुलं आल्यावर पहिल्या तीन महिन्यांतच गेली, काही पळून जाण्याच्या प्रयत्नात.

१९१४ च्या नोव्हेंबरातल्या आगीचं सांगायला हवं. वसतिगृह पेटलं आणि मुलं आत अडकली. किती मेली यावर त्या वेळच्या कागदांचंच एकमत नाही. चौकशी झाली तेव्हा निघालं की मुख्य अधिकारी त्या रात्री गावात मौजमजेला गेले होते. आत जळून गेलेल्या मुलांची नीट यादी करण्याचीही तसदी कुणी घेतली नाही.

इतकी वर्षं कुणालाच काही माहीत नव्हतं?

माहीत होतं. पहिल्यापासून. सुटून आलेली पोरं घरी सांगत होती, पण बहुतेक घरांत त्यांना 'सरकार खोटं कशाला करेल' असंच ऐकावं लागलं. ही गोष्ट दडलेली होती आणि मग उघडकीला आली, असं जे सांगितलं जातं ते मला पटत नाही.

१९०३ साली, म्हणजे शाळा उघडून तीन वर्षं झाली तेव्हा, विधिमंडळाच्या समितीने जाऊन पाहिलं, तर मुलं साध्या कैद्यांसारखी बेड्यांमध्ये होती. पहिल्या तेरा वर्षांत सहा सरकारी चौकश्या झाल्या. १९५८ साली शाळेत काम केलेल्या एका मानसशास्त्रज्ञाने थेट अमेरिकी सिनेटच्या उपसमितीसमोर फटक्यांची हकिकत सांगितली. १९६८ साली गव्हर्नर क्लॉड कर्क स्वतः आले आणि हादरले. तुमची पोरं अशा जागी असती तर तुम्ही बंदुका घेऊन इथे आला असता, अशा अर्थाचं ते पत्रकारांना बोलले. १९८०च्या दशकात मुलांना हातपाय मागे बांधून कोंडतात, यावर खटला झाला. २०११ च्या डिसेंबरात, शाळा बंद झाल्यावर, केंद्राच्या न्याय खात्याचा अहवाल आला. त्यातही तेच.

दर वेळी अहवाल, दर वेळी नवा अधीक्षक, दर वेळी थोडी रंगरंगोटी. आणि शाळा चालूच.

गावालाही ठाऊक होतं. परिसरातल्या कित्येक घरांची चूल या शाळेच्या पगारावर पेटत असे, बापानंतर मुलगा तिथेच नोकरीला लागत असे. नाताळात शाळेच्या आवारात मोठी रोषणाई आणि देखावे असायचे, मुलांनीच तयार केलेले. आसपासच्या गावांतून लोक लेकराबाळांना घेऊन, गाड्यांची रांग लावून ते बघायला यायचे. बघायला आलेली लेकरं आणि देखावे करणारी लेकरं एकाच वयाची होती.

कबरी कशा सापडल्या?

बूट हिलवर पांढऱ्या रंगाचे ३१ लोखंडी क्रूस होते. नावं नाहीत, तारखा नाहीत. २००८ च्या अखेरीस गव्हर्नर चार्ली क्रिस्ट यांनी राज्याच्या तपास यंत्रणेला चौकशी करायला सांगितलं. यंत्रणेने २००९ मध्ये कागदांवरून ३१ कबरींचा हिशेब जुळवला आणि पुढच्या वर्षी कळवलं की मारहाण झाली किंवा नाही झाली, दोन्हीचा ठोस भौतिक पुरावा हाती नाही.

तिथे हे संपलं असतं. पण साउथ फ्लोरिडा विद्यापीठातल्या न्यायवैद्यक मानवशास्त्रज्ञ एरिन किमरली यांनी जमिनीखालचं दाखवणाऱ्या रडारने तपासणी केली, आणि आकडा ३१ वर थांबेना. उकरून बघायला परवानगी हवी होती. स्थानिक कोर्टाने ती दिली नाही, राज्याच्या एका खात्यानेही नकार दिला. गावातल्या काहींचं म्हणणं, झालं गेलं गंगेला मिळालं, कशाला बदनामी. अखेर ऑगस्ट २०१३ मध्ये गव्हर्नर रिक स्कॉट आणि त्यांच्या मंत्रिमंडळाने परवानगी दिली.

त्या वर्षअखेरपर्यंत ५५ कबरी निघाल्या. क्रूस लावलेल्या जागेत त्यातल्या फक्त १३. बाकीच्या झाडीत, तुतीच्या झाडाखाली, रस्त्याखाली. क्रूस जिथे होते तिथे सगळी मुलं नव्हती, आणि मुलं जिथे होती तिथे खूणच नव्हती.

मातीतून बटणं निघाली, पट्ट्याची बक्कलं, शवपेटीचे खिळे. एका सांगाड्यापाशी शिशाचा छर्रा होता. एकाच्या खिशाच्या जागी खेळायची गोटी होती.

सगळ्यांची ओळख पटली का?

नाही. जानेवारी २०१६ च्या अंतिम अहवालात ५१ जणांचे अवशेष नोंदले आहेत. त्यातल्या सात जणांची ओळख डीएनएवरून पक्की झाली, आणखी चौदा जणांबद्दल अंदाज बांधता आला.

पहिली ओळख पटली ती जॉर्ज ओवेन स्मिथची. १४ वर्षांचा, गाणंबजावणं आवडणारा गोरा मुलगा, १९४० साली आलेला. आईने पत्र लिहून चौकशी केली, तर शाळेने उत्तर दिलं की तो कुठे आहे ते आम्हाला माहीत नाही. जानेवारी १९४१ मध्ये निरोप आला की गावातल्या एका घराखाली त्याचं प्रेत सापडलं, न्यूमोनियाने गेला असावा. घरचे धडपडत पोचले, तोवर पुरूनही झालं होतं. त्यांना मातीचा ताजा ढिगारा दाखवला. धाकटी बहीण ओव्हेल तेव्हा १२ वर्षांची. पुढे ती पोलीस खात्यात गेली आणि आयुष्यभर भावाचा शोध घेत राहिली. आईबाप वाट बघतच गेले होते. ऑगस्ट २०१४ मध्ये डीएनए जुळला, तेव्हा ओव्हेल क्रेल पंचाऐंशीच्या पुढे होत्या. ओवेनला शवपेटीशिवाय, उथळ खड्ड्यात, कुशीवर टाकलेलं होतं.

अर्ल विल्सन हा १२ वर्षांचा काळा मुलगा. १९४४ साली त्याला शिक्षा म्हणून एका लहानशा कोठडीत इतर मुलांबरोबर कोंडलं, तिथेच तो मेला. मारून टाकल्याबद्दल त्याच्याबरोबरच्या चार मुलांना दोषी ठरवलं. फ्लोरिडाच्या उन्हाळ्यात त्या कोठडीत पोरांना कोंबणाऱ्या मोठ्या माणसांना कुणी काही विचारलं नाही.

काळ्या मुलांची ओळख पटवणं जास्त अवघड गेलं, आणि त्याची मुळंही त्याच इतिहासात आहेत. नोंदींमध्ये त्यांची नावं चुकीची, कुठे नुसतं आडनाव, कुठे काहीच नाही. वर्णद्वेषाला कंटाळून अनेक कुटुंबं उत्तरेकडच्या शहरांत निघून गेली होती. नमुना जुळवायला नातेवाईक लागतो, आणि आपल्या आजोबांना एक भाऊ होता हेच कित्येक घरांत आता कुणाला ठाऊक नाही.

२०१९ साली आणखी २७ कबरी सापडल्या म्हणे?

तशी बातमी आली होती, आजही समाजमाध्यमांवर फिरते. साफसफाईआधीच्या रडार तपासणीत जमिनीखाली २७ संशयास्पद जागा दिसल्या होत्या. विद्यापीठाच्या पथकाने खणून पाहिलं तेव्हा त्या झाडांच्या मुळांच्या जागा निघाल्या. कृपया ती बातमी पुढे पाठवू नका. खरे आकडेच पुरेसे भयंकर आहेत.

शाळेने काही जणांचं भलंही केलं असेल ना?

तसं सांगणारे माजी विद्यार्थी आणि कर्मचारी आहेत. शिस्त लागली, दोन वेळचं जेवण मिळालं, वाया जाता जाता वाचलो, असं ते म्हणतात. त्यांना खोटं पाडायचं कारण नाही. वेगवेगळ्या दशकांत, वेगवेगळ्या वसतिगृहांत अनुभव वेगळे असणारच. पण एखाद्याला पट्टा बसला नाही, म्हणून दुसऱ्याच्या पाठीवरचे वण पुसले जात नाहीत.

सुटून आलेल्या मुलांचं पुढे काय झालं?

त्यांच्या बोलण्यात काही गोष्टी पुन्हापुन्हा येतात. मोठ्या पंख्याचा आवाज सहन होत नाही. दार बंद करून झोपता येत नाही. लग्नाला तीस-चाळीस वर्षं झाली तरी बायकोला सांगितलं नव्हतं, टीव्हीवर बातमी आली तेव्हा ती ऐकून रडायला लागलो. दारू, तुरुंग, मोडलेले संसार. काहींनी मुलांवर हात उगारला आणि आपल्याच हातात तो पट्टा दिसला, असं सांगितलं आहे. शाळेत लैंगिक अत्याचारही झाले. तेही अनेकांनी नोंदवलं आहे, बहुतेकांनी म्हातारपणी.

मला त्यांच्या सांगण्यातलं एक बारीकसं फार लागतं. आत आल्यावर पहिल्या काही दिवसांत ते मोठ्या माणसांवर विश्वास ठेवत होते. कुणी मारत असेल तर वरच्या साहेबांना सांगू, ते थांबवतील, असं त्यांना वाटायचं. मग एक दिवस कळायचं की मारणारा हाच वरचा साहेब आहे.

यावर कादंबरी आणि सिनेमाही आहे ना? ते खरं मानायचं का?

या शाळेवरून सुचलेली एक कादंबरी २०१९ साली आली, तिला पुढच्या वर्षी पुलित्झर मिळालं आणि २०२४ मध्ये तिच्यावर चित्रपटही निघाला. दोन्हीतली शाळा आणि पात्रं काल्पनिक आहेत. जरूर वाचा, पाहा. पण त्यातल्या नायकाचं नाव बूट हिलवर शोधू नका.

कुणाला शिक्षा झाली का?

एकालाही नाही. बहुतेक अधिकारी मेले होते. जे हयात होते त्यांच्याविरुद्धचा दावा मुदत उलटून गेल्याच्या कारणावरून टिकला नाही. फटके मारणाऱ्यांपैकी एकाने शपथेवरच्या जबानीत मारल्याचं कबूल केलं, पण आठ-दहाच फटके द्यायचो, असं म्हटलं.

माफी मागितली का? भरपाई मिळाली का?

एप्रिल २०१७ मध्ये फ्लोरिडाच्या दोन्ही सभागृहांनी ठराव करून माफी मागितली. वयस्कर माजी विद्यार्थी प्रेक्षागृहात बसले होते. स्मारकासाठी आणि अवशेषांच्या पुनर्दफनासाठी पैसे मंजूर झाले. ज्यांना कुणी नातेवाईक मिळाले नाहीत, अशांना टॅलाहासीतल्या दफनभूमीत पुरलं.

भरपाईचा कायदा व्हायला २०२४ उजाडलं. दोन कोटी डॉलर बाजूला काढले गेले. १९४० ते १९७५ या काळात मारियानात, किंवा गर्दी कमी करण्यासाठी १९५५ साली ओकीचोबी इथे काढलेल्या दुसऱ्या शाळेत ज्यांनी मार आणि अत्याचार सोसले, त्यांना अर्ज करता आला. नऊशेच्या वर अर्ज मंजूर झाले आणि माणशी साधारण २१ हजार डॉलर हाती आले. काहींनी ते घेताना सांगितलं की पैशापेक्षा सरकारने 'हो, हे झालं' असं लिहून दिलं, याचं मोल जास्त आहे.

अट एक होती. अर्जदार हयात असायला हवा. त्यामुळे अर्ज भरायच्या आधी गेलेल्यांना काही मिळालं नाही. थॉमस व्हार्नाडो, अर्ल विल्सन, ओवेन स्मिथ आणि नाव न कळलेली बाकीची मुलं या कायद्यात बसत नाहीत. त्यांच्या घरच्यांनाही त्यात जागा नाही.